‘अशी ही बनवाबनवी’ आणि माया कषाय
(दशलक्षण पर्वात उत्तम आर्जव दिनी दिलेले व्याख्यान)



आज उत्तम आर्जव धर्माचा दिवस. आर्जव म्हणजे ऋजुता, मनाचा सरळपणा. आणि त्याचा वैरी माया कषाय. या विषयाचे शास्त्रोक्त विवेचन करणारे अधिकारी विद्वान आपणांस लाभतातच. मी मात्र १९८८ साली प्रदर्शित झालेला, सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट आधाराला घेणार आहे. पंडितजींनी क्षमा करावी. क्षमेचा दिवस परवाच होऊन गेला, तरीही करावी.

कथा आपणां सर्वांस पाठ आहे. पुण्यात राहावयास जागा नाही म्हणून चार मित्र लीलाबाई काळभोर यांच्या दारी जातात. विवाहित जोडप्यांनाच जागा मिळेल, अशी त्यांची अट. मग दोघे पती होतात आणि दोघे साडी नेसतात. मायेची वक्रता सांगताना शास्त्रकार वेळूचे मूळ आणि मेंढ्याचे शिंग यांचे दृष्टांत देतात. त्यांत तिसरा दृष्टांत ‘हा माझा बायको पार्वती’ म्हणणाऱ्या धनंजय मान्यांच्या जिभेचा घालावयास हरकत नाही. माया लपवता येते, पण व्याकरण तिला उघडे पाडते.

हेच धनंजयराव घरमालक सरपोतदारांना सांगतात की, औषध आणणारा मित्र वारला आणि त्याच्याबरोबर तुमचे सत्तर रुपयेही वारले. सारे चित्रपटगृह हसले. कर्मसिद्धांतात मात्र सत्तर रुपये कधी वारत नाहीत. ते सत्तेत पडून राहतात आणि अबाधाकाळ संपला की उदयास येतात.

आणखी एक गंमत. श्वेतांबर आगमांत मल्लिनाथांची कथा आहे. पूर्वभवी राजा महाबलाने मित्रांपासून लपवून अधिक तप केले. त्या मायेमुळे तीर्थंकर होऊनही त्यांस स्त्रीपर्याय मिळाला. दिगंबर परंपरेला हे मान्य नाही, आणि तो वाद अल्पोपहारापूर्वी नको. पण परशा आणि सुधीर यांना मायेचे फळ पुढील भवाची वाट न पाहता त्याच आठवड्यात, नऊवारी-पाचवारीच्या निऱ्यांसह मिळाले, एवढे खरे. भगिनींनी रागावू नये. साडी हे फळ कटू नाही, ती सावरत जिना उतरणे कटू आहे.

आता जरा अवघड भाग. कर्मबंध कृत, कारित आणि अनुमोदित असा तिन्ही प्रकारे होतो. कृत चौघांचे. अनुमोदन आपले, कारण आपण पोट धरून हसलो. पण कारित कोणाचे? लीलाबाई प्रेमळ, निष्पाप. तरीही खोटे बोलल्यावाचून त्यांचे दार उघडत नव्हते. आपल्यातही पुष्कळजण घरमालक आहेत. आपणही भाडेकरूला जात, आडनाव, स्वयंपाकघर, लग्न, सारे विचारतो. आहारासंबंधी आपली अट अहिंसेच्या भावनेतून येते, हे मला मान्य आहे. पण जागेसाठी वणवण फिरणारा गरीब मुलगा आपल्या दाराशी येऊन आडनाव बदलून सांगतो, तेव्हा त्या असत्याचा किती अंश आपल्या खाती जमा होतो, याचे गणित मला आजवर सुटलेले नाही. कारिताचा दोष हेतूशिवाय लागत नाही, असे कोणी म्हणेल. अट ऐकल्यावर समोरचा काय करील हे ठाऊक असताना हेतू नव्हता असे म्हणणे कितपत सरळ आहे, हे पंडितजींनीच सांगावे.

हा चित्रपट मी किती वेळा पाहिला, हे मात्र कोणी विचारू नये. आर्जवाच्या दिवशी खरे सांगावे लागेल.

जय जिनेंद्र!