१ नोव्हेंबर १९५६ : राज्य तेच, गाव सुटलं

महिन्यामहिन्याचा इतिहास सांगणारी आपली मालिका आज नोव्हेंबरपर्यंत येऊन पोचली. या महिन्यात सांगण्यासारखं पुष्कळ आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं. हे सगळं आपण शाळेत शिकलोय, म्हणून मी पुढे सरकतो. आज बोलायचंय ते १ नोव्हेंबर १९५६ बद्दल. महाराष्ट्राबाहेर राहून हे ऐकणाऱ्या तुमच्यातल्या कित्येकांचा पत्ता त्या दिवशी ठरला. माझाही.

त्या दिवशी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. १४ राज्यं, ६ केंद्रशासित प्रदेश. आदल्या दिवसापर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. दुसऱ्या दिवशी राजधानी भोपाळ, हायकोर्ट जबलपूरला, आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात! कर्मचाऱ्यांचीही वाटणी झाली. माझे आजोबा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. त्यांच्या वाट्याला भोपाळ आलं. आजी म्हणायची, "आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो रे, नागपूर तेवढं निघून गेलं." लहानपणी मला तो विनोद वाटायचा.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली असती तर आजोबा नागपुरातच राहिले असते का, कोण जाणे. प्रत्यक्षात झालं ते मोठं द्विभाषिक मुंबई राज्य : विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छसुद्धा एकत्र. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. मराठी राज्य मागणाऱ्यांना हे कसं रुचणार? जेमतेम वर्षापूर्वी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार होऊन माणसं मेली होती.

मला सगळ्यात अडकवून ठेवतो तो तालुक्यांचा हिशेब. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका सोडून. बीदरमधले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले. शेजारचं भालकी म्हैसूरला गेलं. आदिलाबादेतून किनवट आणि राजुरा आले, तर नांदेडमधलं मुधोळ, भैंसा तेलुगू बाजूला गेलं. उदगीरची लेक भालकीला दिलेली असेल, तर तिचं माहेर आणि सासर एका दिवसात दोन राज्यांत. जमीन इकडे, बाजार तिकडे, आणि कोर्टकचेरीची भाषा तिसरीच.

गंमत बघा, हीच तारीख केरळचा स्थापना दिन. कर्नाटकात राज्योत्सव असतो, लाल-पिवळे झेंडे लागतात. बेळगावात त्याच दिवशी मराठी माणसं काळा दिन पाळतात. आमच्या भोपाळमध्ये मध्य प्रदेश स्थापना दिनाचे कार्यक्रम होतात. शाळेत असताना मी त्यात समूहगीत म्हणायला उभा राहिलो होतो. आजी बघायला आली होती. टाळ्या वाजवल्या तिने, पण घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

हे द्विभाषिक राज्य साडेतीन वर्षंच टिकलं. ते का मोडलं, हे मे महिन्याच्या भागात, १ मे १९६० पाशी आलो की सांगतो.