सायकल आणि संसार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुम्ही सायकलवर दोनशे किलोमीटर गेलात, त्याबद्दल बोला." जाण्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही, पायडल मारीत राहायचे, झाले. पण घर टाकून तेरा तास बाहेर कशी राहिले, हे मला जिन्यात, गिरणीवर, भाजीवाल्यापाशी सगळ्याजणी विचारतात. तेव्हा तेच सांगते. आडवेतिडवे झाले तर सांभाळून घ्या.

मुलीला स्कूटी घेतली आणि तिची सायकल जिन्याखाली गंजत पडली. ती पुसून मी दळण आणायला नेऊ लागले. मग एकदा सकाळी गंगापूर धरणापर्यंत गेले, पुढे एकदा त्र्यंबकपर्यंत गेले नि दर्शन घेऊन स्वयंपाकाच्या वेळेला परत आले. घरात कोणी काही बोलले नाही, कारण देवाला गेले होते! पुढच्या वेळी देवाचे नाव न घेता गेले, तेव्हा मात्र सासूबाईंनी विचारले, "मग गेलीस कशाला?" याचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

सायकलस्वारांच्या या लांब फेऱ्यांना ब्रेव्हे म्हणतात. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबाचे. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस आणि सहाशेला चाळीस. पहिला-दुसरा असा नंबर नाही. वेळेत पोचलेल्या सर्वांचा मान सारखा. हे मला फार आवडले. हातात एक कार्ड देतात, ठरलेल्या ठिकाणी त्यावर वेळ घालून शिक्का घ्यायचा. पंक्चर निघाले तर आपले आपण काढायचे, मधल्या रस्त्यावर घरच्या माणसाची मदत चालत नाही. हे म्हणाले होते, "मी स्कूटरवर मागून येतो." त्यांना सांगावे लागले की तुम्ही आलात तर मी बाद.

शाळेत मी सातवीपर्यंत गेले. तिथली वेग, वेळ, अंतराची गणिते आयुष्यात कधी लागली नव्हती, ती इथे लागली. ताशी पंधरा किलोमीटर धरले तर शंभराला सहा तास चाळीस मिनिटे, म्हणजे सकाळी सहाला निघाले तर पावणेएकच्या आत अर्धे अंतर हवे. हे मी कणीक मळता मळता मनात करीत असे.

सायकलीचे पैसे भिशीचे. त्या पैशांत नवा फ्रीज घ्यायचा असे घरात ठरले होते. जुना फ्रीज अजून चालतो आहे, त्यामुळे माझा जीव भांड्यात आहे.

तयारीबद्दल दोन शब्द. जोरात पळवून काही साधत नाही. बरोबरच्या बाईशी बोलता येईल इतक्याच वेगाने पुष्कळ वेळ जायचे. एकदम न वाढवता आठवड्याला थोडे थोडे वाढवायचे. आणि विश्रांतीचा दिवस चुकवायचा नाही, कारण अंगात ताकद भरते ती विश्रांतीतच. खाणे भूक लागण्याच्या आधी. मी दशमी, केळे, गूळ-शेंगदाणे नेते आणि पाण्यात लिंबू, मीठ, साखर. सीट नीट उंचीवर नसेल तर गुडघा धरतो. आत गादीची विजार हवी, तिच्याशिवाय बसवत नाही. वरून मी कुडता घालते.

पण एक गोष्ट जरा जास्त सांगते. सुरुवातीला मला चढावर धाप लागे. वयच झाले असे वाटून मी गप्प होते. मुलीने हट्टाने रक्त तपासायला नेले, तो हिमोग्लोबिन नऊ. बाईमाणसाला बारा तरी हवे. म्हणजे मी इतकी वर्षे जिने चढत होते, पाणी भरत होते, ती नवावरच! डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावले, "चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या." तीन महिन्यांत फरक पडला. तुम्ही सायकल चालवा वा न चालवा, रक्त तेवढे तपासून घ्या.

पहिली दोनशेची फेरी नाशिकहून मालेगावच्या बाजूला आणि परत. चार वाजता उठून दोन वेळचा स्वयंपाक केला, ही माझी चूक. निघायच्या आधीच दोन तास उभी होते. ओझर, पिंपळगाव झरझर गेले. चांदवडला रेणुकादेवीला रस्त्यावरूनच हात जोडले. राहुडचा घाट कांद्याच्या ट्रकांमागून चढले. अकरा पन्नासला शिक्का मिळाला आणि मला वाटले, जिंकले! परतीला वारा तोंडावर आला. मालेगावकडून येताना तो असा अंगावर की उतारावरही पायडल मारावे लागे. त्यात मागचे चाक बसले. ट्यूब बदलायला पाऊण तास गेला. रस्त्याकडेच्या दोन पोरांनी विचारले, "मावशी, करून देऊ का?" मी नको म्हटले, आणि त्यांना ते फार शिष्टपणाचे वाटले असणार. सात वाजून दहा मिनिटांनी पोचले. साडेसातला मुदत संपत होती.

आता जे सांगायला मी दोन दिवस कचरत होते, ते सांगते.

दोनशे झाल्यावर मला तीनशेचे वेड लागले. आठवड्यातून पाच दिवस पहाटे जाऊ लागले. घरी आले की कामे उरकायची आणि दुपारी आडवे व्हायचे. मुलगी एकदा म्हणाली, "आई, तू घरात असतेस पण झोपलेलीच असतेस." मी तिच्यावरच ओरडले. आणि अशाच एका पहाटे मी बाहेर असताना सासूबाई न्हाणीत घसरल्या. मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर. मी आले तेव्हा त्या ओट्याला टेकून बसल्या होत्या आणि पहिले वाक्य काय, तर "दूध उतू जाईल बघ."

त्या दिवसापासून सायकल पुन्हा जिन्याखाली गेली. भेटायला येणारे म्हणत, "सून सायकलवर आणि सासू न्हाणीत!" मी ऐकून घेतले. मात्र एक विचार डोक्यातून जाईना. त्या पहाटे हे घरात होते, मुलगा घरात होता, दोघे झोपले होते. त्यांना कोणी काही विचारले नाही. मीही विचारले नव्हते. प्लास्टर निघाल्यावर एका रात्री विचारले. हे रागावले, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी न्हाणीच्या भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली आणि दिवा लावला. ही दांडी आधीच बसवायला हवी होती. त्यात माझाही दोष आहे.

मग घरात ठरले ते असे. मंगळवार आणि गुरुवार पहाटे पावणेपाच ते सव्वासहा मी बाहेर, तेव्हा हे उठून सासूबाईंजवळ बसतात, चहाही करतात. चहा पाणचट असतो. लांबची फेरी एका आड एक रविवारी, आणि आदल्या दिवशी स्वयंपाक मुलगा नि मुलगी करतात. मुलीच्या दहावीच्या वर्षी तीनशेला जायचे नाही, हे मीच ठरवले. त्याचे वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही.

मुलीने मला एक गोष्ट वाचून दाखवली. १८९४ साली अमेरिकेत बोस्टनची ॲनी लंडनडेरी, तीन लहान लेकरांची आई, सायकल घेऊन जगाच्या फेरीला निघाली आणि पुढल्या वर्षी परतली. बराचसा प्रवास बोटीने केला म्हणतात, तरी केवढे धाडस! मी ऐकले आणि वाटले, मला हे जमणार नाही; सात वाजता घराची आठवण येते. आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका आरपार जाणारी शर्यत जोडीने पुरी केली. लोक त्यांचे दाखले देतात. पण त्या शर्यतीत मागे मोटारीतून माणसे असतात, खाणेपिणे हातात देतात. आमच्यामागे कोण असते? घरी चहा करणारा माणूस. तो असला तर पुरते.

यंदा मुलीची दहावी झाली. येत्या डिसेंबरात तीनशेला नाव घातले आहे, बरोबर दुसऱ्या आळीतल्या एक बाई आहेत. रात्रीचा रस्ता आहे, भीती वाटते. सासूबाईंची अट एवढीच, की प्रत्येक शिक्क्याच्या ठिकाणाहून फोन करायचा. दोनशेचे कार्ड त्यांनी आपल्या पोथीत ठेवले आहे. ते त्यांना वाचता येत नाही, पण शिक्के मोजतात.

तोवर रविवारी साडेपाचला मी मंडळाच्या दारात उभी असते. कोणाला यायचे असेल तर या. जिन्याखालची सायकल मी तेल घालून ठेवली आहे. फक्त हवा भरायचा पंप आणा, माझा मुलाने कुठेतरी हरवला आहे.