दोन खुणा आणि एक पशुवैद्य



आज ऐकू या पीटर डोहर्टी यांच्याविषयी.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे हे शास्त्रज्ञ.
शिक्षणाने गुरांचे डॉक्टर.
एडिनबरोत त्यांनी मेंढ्यांच्या मेंदूज्वरावर संशोधन केलं.

मग कॅनबेराची प्रयोगशाळा.
साल १९७३.
जोडीला स्वित्झर्लंडचे रोल्फ झिंकरनागेल.

दोघांनी उंदरांना विषाणूची लागण केली.
त्या उंदरांच्या मारक टी-पेशी, म्हणजे बाधित पेशींना मारणाऱ्या संरक्षक पेशी, काढल्या.
बाधित पेशींसमोर ठेवल्या.

आपल्याच वाणाच्या उंदराच्या बाधित पेशी टी-पेशींनी मारल्या.
दुसऱ्या वाणाच्या पेशींतही तोच विषाणू होता.
त्या मात्र सोडून दिल्या!

का बरं?

टी-पेशी एकाच वेळी दोन खुणा पाहते.
एक विषाणूची.
दुसरी स्वतःच्या शरीराची.
दोन्ही खुणा पटल्या, तरच ती हल्ला करते.

शरीर परका अवयव नाकारतं, तेही शरीराच्या याच खुणांमुळे.
एवढं आधी ठाऊक होतं.
पण या खुणांचं रोजचं काम काय, ते या उंदरांनी दाखवलं.

१९९६ साली दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.
माझ्या मते, हा मान पशुवैद्यकाचाही आहे.

तुमच्या घरातलं कुणी पशुवैद्यकाकडे वळत असेल, तर त्यांना डोहर्टींविषयी जरूर सांगा.