पाच मिलिग्रॅमची सवय



अध्यक्षीय भाषणात नव्या औषधांची चाहूल द्यावी, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो मोडून मी आज हॅलोपेरिडॉलबद्दल बोलणार आहे. आपल्यातल्या तरुण मंडळींना ते रात्रीच्या कॅज्युअल्टीतलं इंजेक्शन म्हणून ठाऊक आहे. ओपीडीत ते लिहिणाऱ्याकडे सहकारी जरा कीव आल्यासारखे बघतात. त्याची बदनामी खोटी नाही. पण त्यातली बरीचशी औषधाची नसून आपण लिहिलेल्या मात्रेची आहे, असं माझं ठाम मत आहे.

१९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत वेदनाशामकाचा शोध चालू असताना हे संयुग हाती लागलं. घराणं पेथिडिनचं, पण उंदरांवरचा परिणाम क्लोरप्रोमाझिनसारखा. शंभर मिलिग्रॅम क्लोरप्रोमाझिनचं काम ते साधारण दोन मिलिग्रॅममध्ये करतं. खरं तर इथेच आपण सावध व्हायला हवं होतं. झालं उलटंच. पुढच्या दोन-तीन दशकांत रुग्ण झटपट आटोक्यात आणायचा म्हणून दिवसाला चाळीस, साठ, कधी शंभर मिलिग्रॅमपर्यंत मजल गेली. सोव्हिएत संघात तर हेच औषध लिओनिद प्लियुश्चसारख्या धडधाकट राजकीय विरोधकांना शिक्षा म्हणून दिलं गेलं.

मात्रेचा हिशेब स्पष्ट मांडला तो टोरांटोच्या शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी, २००० साली. स्किझोफ्रेनियाच्या पहिल्याच झटक्यातले बावीस रुग्ण, रोज फक्त एक किंवा अडीच मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल, आणि पेट स्कॅन. मेंदूतले डी-टू रिसेप्टर सुमारे ६५ टक्के व्यापले गेले की गुण दिसू लागतो. ७२ टक्क्यांच्या पुढे प्रोलॅक्टिन वाढतं. ७८ टक्क्यांपलीकडे ताठरपणा आणि अकॅथिसिया सुरू होतो. म्हणजे फायदा आणि त्रास यांच्यामधली वाट अरुंद आहे, पण आहे. अनेक रुग्णांना ती अडीच मिलिग्रॅमच्या आतच सापडली होती. आपलं पेन मात्र सवयीनं ‘पाच मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा’ असं लिहितं आणि खाली पॅसिटेन जोडून मोकळं होतं!

आक्रमक रुग्णाच्या बाबतीतला भक्कम पुरावा तर आपल्याच देशातला आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिन ही जोडी आधी लोराझेपामशी आणि नंतर ओलान्झापिनच्या इंजेक्शनशी ताडून पाहिली गेली. लोराझेपामपेक्षा ही जोडी लवकर शांत करते. ओलान्झापिनइतकीच चटकन, आणि तिचा परिणाम जास्त टिकतो. रिओमधल्या चाचणीत प्रोमेथाझिन वगळून नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं, तेव्हा अॅक्यूट डिस्टोनिया इतका वाढला की चाचणी आधीच थांबवावी लागली. तरीही प्रोमेथाझिनशिवाय हॅलोपेरिडॉल टोचलेलं आजही दिसतं.

याची किंमत गावाकडे काय पडते, ते इथल्या जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांना सांगायला नको. इंजेक्शन घेऊन पोरगा घरी जातो, संध्याकाळी मान वाकडी होते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं, आणि देवऋषाकडे नेतात. ते कुटुंब पुन्हा आपल्या दारात येत नाही. बिघडलेलं असतं फक्त आपलं प्रिस्क्रिप्शन.

नव्या औषधांशी माझं वैर नाही. पण ओलान्झापिनवर वर्षभरात वजन आणि साखर दोन्ही वाढलेला रुग्ण आपण रोज पाहतो, आणि तिथे ‘दुष्परिणाम कमी’ हा शब्दप्रयोग माझ्या गळी उतरत नाही. उलट टार्डिव्ह डिस्किनेशियाचा धोका जुन्या गोळीत जास्त आहे, हेही लपवू नये. डिमेन्शियाच्या वृद्धांत तर अँटिसायकॉटिकनं मृत्यूचा धोका वाढतो, मग ते जुनं असो वा नवं. शिरेतून हॅलोपेरिडॉल द्यायचंच असेल तर आधी ईसीजीतला क्यूटी पाहा.

आता एक व्यवहारातलं मागणं. आपापल्या वॉर्डात परतल्यावर हॅलोपेरिडॉल चालू असलेले केसपेपर काढा. मात्रा कोणी ठरवली, कधी ठरवली, त्यानंतर ती कमी करून पाहिली का, मनगटातला ताठरपणा शेवटचा कधी तपासला, एवढंच बघा. दुपारच्या सत्रात डेकॅनोएटच्या महिन्याच्या इंजेक्शनवर चर्चा आहे. तिथेही हेच प्रश्न मी विचारणार आहे, तेव्हा तयारीनं या.