शाळेतील मुलांची सुरक्षितता : आपली जबाबदारी
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आज आम्ही भाषण करायला नाही, एक प्रश्न विचारायला उभे आहोत. आपली बहुतेक मुले जिल्हा परिषदेच्या नाहीतर नगर परिषदेच्या शाळेत जातात. उद्या तिथे काही विपरीत घडले, तर ती बाहेर कशी निघतील?

३१ मे २०१६ ची रात्र आठवा. आपल्याच देवळी तालुक्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात मध्यरात्रीनंतर आग लागली. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले कितीतरी अग्निशमन कर्मचारी प्राणाला मुकले. आगरगावसारख्या लगतच्या गावांतील लोकांना लेकराबाळांसह रात्रीच घर सोडावे लागले. तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्या होत्या, शाळा रिकाम्या होत्या. पण हेच जुलै महिन्यात, भर दुपारी घडले असते तर? कोणत्या मास्तरांनी कोणता वर्ग कुठे न्यायचा, हे ठरलेले होते काय?

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणमला शाळा भरलेली असतानाच आग लागली. स्वयंपाकघराच्या झावळ्यांचे छप्पर पेटले आणि ती आग वरच्या वर्गांवर गेली. ९४ मुले मेली. पुढे २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमध्ये आग विझवण्याची साधने ठेवा, शिक्षकांना त्यांचे प्रशिक्षण द्या, असा आदेश दिला. आदेश झाला, पण तो पाळला जातो की नाही हे पाहणार कोण?

आम्ही काही जण एकदा एका शाळेत गेलो होतो. वाळूची बादली होती, पण तिच्यात कचरा आणि खर्र्याच्या पन्न्या! मागच्या गेटाला कुलूप. सोबतच्या एका आजीने विचारले, "मास्तर, याची चाबी कोनापाशी रायते?" चाबी चपराश्याजवळ होती आणि चपराशी रजेवर होता. आजी शिकलेल्या नाहीत, पण नेमका प्रश्न त्यांनीच विचारला.

जपानमधील कामाईशी शहराचे उदाहरण घ्या. ११ मार्च २०११ ला भूकंप होऊन समुद्र खवळला. तिथल्या शाळेतील मोठी मुले लहानांचे हात धरून उंच जागेकडे पळाली आणि वाचली. हा चमत्कार नव्हता. त्यांनी तसा सराव पुष्कळदा केला होता.

मग आपण काय करायचे? पैसा लागत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी घंटा वाजवून सगळे वर्ग मैदानात आणायचे आणि हजेरी घ्यायची. मोठ्या वर्गातल्या मुलांकडे पहिली-दुसरीची मुले सोपवायची. जे मूल चालू शकत नाही, त्याला कोण उचलेल हे आधीच ठरवायचे. १०८ आणि ११२ हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायचे. विजा कडाडत असताना मुलांना झाडाखाली थांबू द्यायचे नाही. साप चावला तर मांत्रिक नको, बांधाबांध नको, चिरा देणे नको. सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

हे सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. आपल्या बाया त्या समितीत आहेत, पण पुष्कळदा नुसत्या सहीपुरत्या. मास्तरांशी भांडायचे नाही. त्यांच्यामागे आधीच ढीगभर कामे आहेत. त्यांच्या सोबतीला उभे राहायचे.

बाबासाहेबांनी आपल्याला शाळेची वाट दाखवली. त्या शाळेतून आपले लेकरू संध्याकाळी सुखरूप घरी यावे, हे पाहणे आपले काम आहे. म्हणून पुढच्या सभेत एकच विचारा : "चाबी कोणाजवळ आहे?" उत्तर मिळेपर्यंत उठू नका.