यमूची गोष्ट कशी वाचावी?



कै. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी वाचून डोळे पुसणारे पुष्कळ आहेत. यमू लहानपणीं सासरीं जाते, विधवा होते आणि शेवटीं सासरचे लोक तिच्या मनाविरुद्ध तिचें केशवपन करवितात. वाचक म्हणतो, “बिचारीचें नशीब!” आमचा आक्षेप ह्या एका शब्दाला आहे.

ही कादंबरी १८९० सालीं ‘करमणूक’ पत्रांतून येऊं लागली. तो काळ कसा होता? संमतिवयाचा वाद पेटला होता. १८९१ च्या कायद्यानें मुलीचें संमतिवय १० चें १२ झालें, तेवढ्यावरच धर्म बुडाला अशी ओरड झाली! जोतीराव फुल्यांनीं तर १८६३ सालींच पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढून ब्राह्मण विधवांना आसरा दिला होता. आणि १८९० सालींच, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें, मुंबईच्या न्हावी बांधवांनीं सभा भरवून ठरविलें कीं, विधवेच्या डोक्याला वस्तरा लावावयाचा नाहीं.

आतां यमूच्या केशवपनाचा भाग पुन्हां वाचा. वस्तरा नशिबानें धरला नव्हता, माणसांनीं धरला होता. आणि कांहीं माणसांनीं तो खालींही ठेविला होता. लक्षांत कोण घेतो, ह्या प्रश्नाला हातावर पोट असणाऱ्यांनीं त्याच वर्षीं उत्तर दिलें होतें. म्हणून सांगणें इतकेंच कीं, यमूसाठीं खुशाल रडा. पण रडण्याआधीं साल कोणतें तें विचारा.