आधी रान, मग शेरडं

(स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना चालू होती तेव्हा कवठे महांकाळ इथं झालेल्या वस्ती-मेळाव्यात संघटनेच्या वतीनं केलेलं भाषण. बोललं तसंच, थोडं नीट करून देत आहोत. ज्या वस्त्यांना येता आलं नाही त्यांनी बैठक घेऊन हे वाचून घ्यावं.)



आज आपण खरेदीवर बोलणार आहोत. जमिनीसाठी भांडणारी संघटना शेरडांच्या खरेदीवर कशाला बोलतेय, असं कुणाला वाटंल. पण पंचायत समितीतून निरोप आलाय की स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत पारधी वस्त्यांवरच्या बायांचे गट घ्यायचे आहेत. ही योजना १ एप्रिल १९९९ ला सुरू झाली. आधीची एकात्मिक ग्रामीण विकासाची योजना, जिला आपण 'आयआरडीपी' म्हणत होतो, ती या नव्या योजनेत मिळवून टाकली. नव्या योजनेत निम्मा लाभ दलित-आदिवासींना गेला पाहिजे असा नियम होता. म्हणून आपली आठवण झाली. होऊ द्या. सरकारचा पैसा म्हणजे आपल्याच लोकांचा पैसा, तो घ्यायला लाज कसली.

पण एक ध्यानात घ्या. पैशाच्या आधी यादी येते. काय घ्यायचं, किती घ्यायचं, कधी घ्यायचं, कुणाकडून घ्यायचं ही ती यादी. साहेब लोक तिला प्रकल्प अहवाल म्हणतात. ती यादी कचेरीत झाली तर आपण फक्त अंगठ्याचे धनी. ती वस्तीवर झाली तर योजना आपली. आजची बैठक एवढ्यासाठीच आहे.

मागचं काय झालं ते आधी बघू. आयआरडीपीत आदिवासीला निम्मं अनुदान होतं, पाच हजाराच्या मर्यादेत. नंतर ती मर्यादा सहा हजार झाली. उरलेलं बँकेचं कर्ज. कागदावर खरेदी समिती होती. बँकेचा माणूस, पंचायत समितीचा अधिकारी, जनावरांचा डॉक्टर आणि ज्याला जनावर घ्यायचं तो, अशा सगळ्यांनी मिळून बाजारात जनावर पसंत करायचं. कागद चांगला होता. घडलं काय? कित्येक वस्त्यांवर समिती बाजारात गेलीच नाही. हेडीच जनावरं घेऊन यायचा, एका झाडाखाली उभी करायचा, कानात बिल्ला मारला की झाली खरेदी. भाव हेडी आणि साहेब ठरवणार, कर्ज आपल्या नावावर.

आणि महिना कोणता? मार्च. वर्षभर फाईल झोपलेली असायची, फेब्रुवारीत जागी व्हायची, कारण ३१ मार्चच्या आत आकडा पुरा करायचा असायचा. आपल्या तालुक्यात मार्चनंतर काय असतं ते सांगायला नको. ओढं कोरडं, रान काळं, कडबा पैसेवाल्याच्या गंजीत. ज्या दिवसांत जुना शेतकरीसुद्धा दावणीची जनावरं बाजारात काढतो, त्या दिवसांत आपल्या दारात नवी शेरडं आणून बांधली. त्यातली किती पावसाळा बघायला राहिली ते ज्याचं त्यानं आठवावं. शेरडू मेलं, कर्ज जिवंत राहिलं. आज त्याच कर्जापायी आपली कितीतरी माणसं थकबाकीदार म्हणून बँकेच्या दारात उभी राहू शकत नाहीत.

म्हणून या वेळची यादी आपण करायची. आमच्या मनात पाच गोष्टी आहेत. एकेक सांगतो.

पहिली गोष्ट, रान. खरेदीच्या यादीत पहिली ओळ शेरडाची नाही, रानाची. आपल्याच तालुक्यात रांजणीला सरकारचं शेळी-मेंढी प्रक्षेत्र आहे. तिथं सरकारनं नुसती शेरडं-मेंढरं घेतली नाहीत, त्यांच्यासाठी शेकडो एकर रान ठेवलं. म्हणजे शेरडाला आधी चरायला रान लागतं हे सरकारला चांगलं कळतं. फक्त शेरडू पारध्याच्या दारात आलं की ते विसरायला होतं. आपण राहतो गायरानाच्या कडेला. कुठं गायरानात लागवडीसाठी चर खणलेत, कुठं मोठ्या शेतकऱ्यानं बांध सरकवलाय, कुठं गावच म्हणतं की तुमची शेरडं इथं दिसता कामा नयेत. अशा ठिकाणी दहा बायांनी पन्नास शेरडं घेतली तर ती हवेवर जगतील काय?

म्हणून अर्ज करण्याआधी ग्रामसभेत ठराव मागायचा की अमुक गट नंबरात या वस्तीची शेरडं चरतील. ठरावाची नक्कल प्रकल्पाच्या कागदाला जोडायची. ठराव होत नसेल तर तसं लेखी मागायचं. शेरडं देतो पण चरायला जागा देत नाही, हे सरकारला स्वतःच्या सहीनं लिहावं लागलं पाहिजे. बांगलादेशात १९८३ पासून ग्रामीण बँक चालते. ती गरीब बायांना घरासाठी कर्ज देते तेव्हा घराखालची जागा बाईच्या नावावर हवी अशी अट घालते. तिथल्या बँकेला जे कळलं ते इथल्या बँकेला का कळू नये?

दुसरी गोष्ट, हंगाम. आपल्याकडं मृगाचा भरवसा नाही. जो काही पाऊस पडतो तो बहुतेक परतीचा. म्हैसाळच्या पाण्याच्या आशेवर जनावर बांधता येत नाही. तेव्हा खरेदी भाद्रपद-आश्विनात, रानात हिरवं असताना. म्हणजे गटाची तपासणी, बँकेची मंजुरी हे सगळं उन्हाळ्यातच उरकलं पाहिजे. कागद उन्हाळ्यात, खरेदी पावसानंतर, हे वस्तीवरच्या प्रत्येक बाईला पाठ पाहिजे. मार्चमध्ये कुणी साहेब जीप घेऊन आला आणि म्हणाला की उद्याच्या उद्या घ्या नाहीतर पैसा परत जातोय, तर पैसा परत जाऊ द्या. पैसा पुढच्या वर्षी परत मागता येतो. मेलेलं शेरडू येत नाही.

तिसरी गोष्ट, काय आणि किती. इथं हिशेब मांडून दाखवतो. भाव फक्त समजण्यापुरते धरलेत, बाजारात जाल तेव्हा खरे भाव घाला. समजा दहा बायांच्या गटाला एक लाखाचा प्रकल्प मिळाला. साहेब म्हणतील की एका शेरडाला बाराशे, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी शेरडं येतात. आपण म्हणायचं, पन्नासच घेऊ. पन्नास शेरडांचे साठ हजार. दोन बोकड, चार हजार. दहा घरी आडोशाला छपरं, घरटी हजार, म्हणजे दहा हजार. पहिल्या उन्हाळ्याची वैरण आणि पेंड, बारा हजार. विमा, लस आणि औषध, सहा हजार. गाडीभाडं आणि बाजाराची पावती, तीन हजार. झाले पंच्याण्णव हजार. वरचे पाच हजार गटाच्या खात्यात, अडीनडीला. वैरण ही सुद्धा खरेदीच आहे. लस ही सुद्धा खरेदी आहे. आंत्रविषाराची लस पावसाआधी टोचलेली पाहिजे, नाहीतर कोवळ्या गवतावर धडधाकट शेरडू रात्रीत जातं. ज्या यादीत वैरण आणि लस नाही ती यादी हेडीनं लिहिलेली आहे असं खुशाल समजा.

पन्नासही एकदम घ्यायची नाहीत. पंचवीस पहिल्या वर्षी. ती रुळली, व्याली, करडं वाढली, की पुढच्या पावसाला दुसरी पंचवीस. बँकेला आधीच सांगायचं की कर्जही दोन हप्त्यांत द्या. शेरडं घेताना दात बघून दोनदाती, चारदाती घ्या. उस्मानाबादी जात आपल्या उन्हाला टिकते. बोकड रांजणीहून मिळतो का ते आधी विचारा. मिळाला तर एक चांगला बोकड सगळी दावण सुधारतो.

अनुदानाचंही समजून घ्या. या योजनेत गटाला निम्मं अनुदान होतं, जास्तीत जास्त सव्वा लाखापर्यंत. पण ते आधी हातात येत नव्हतं. ते बँकेत बाजूला ठेवायचे आणि शेवटी कर्जात वळतं करायचे. तेवढ्या रकमेवर व्याज लावता येत नव्हतं. म्हणजे लाखाच्या प्रकल्पात व्याज पन्नास हजारावर, लाखावर नाही. दर सहा महिन्यांनी गटातल्या दोघींनी बँकेत जाऊन हे तपासायचं. लिहिता येणारं पोरगं बरोबर न्या.

चौथी गोष्ट, पावती. ही आपल्यासाठी सगळ्यात मोठी आहे, कारण आपण पारधी आहोत. इंग्रजानं १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ ला गेला, पण लोकांच्या डोक्यातून गेला नाही. दुसऱ्या कुणी दहा शेरडं रस्त्यानं हाकली तर लोक विचारतात, केवढ्याला घेतली? आपण हाकली तर विचारतात, कुठनं आणली? शेरडं आपली, कर्ज आपलं, आणि रात्र चौकीत, असं व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून रुमालाखालचा सौदा नको. खरेदी बाजारातच, उघड्यावर, दहा माणसांच्या देखत. आटपाडीला जा, सांगोल्याला जा, पण बाजाराची पावती घेतल्याशिवाय दावं सोडायचं नाही. पावतीवर गटाचं नाव, विकणाऱ्याचं नाव-गाव, किती नग, रंग आणि खूण, भाव, तारीख. कानातल्या बिल्ल्याचा नंबर त्याच दिवशी गटाच्या वहीत. पावतीच्या तीन नकला करा. एक गटाच्या पेटीत, एक बँकेत, एक पोलीस पाटलाकडं देऊन त्याची पोच घ्या. घरी व्यालेल्या करडांचीही नोंद वहीत करा, म्हणजे वर्षानं कुणी विचारलं की एवढी कशी वाढली, तर उत्तर तयार. साहेबांना पावती लागते ती ऑडिटसाठी. आपल्याला लागते ती अब्रूसाठी.

पाचवी गोष्ट, हात कुणाचा. या योजनेत गटानं वस्तू स्वतः पसंत करून घ्यायची मुभा होती. अमुक दुकानातूनच घ्या, तमुक हेडीकडूनच घ्या, अशी सक्ती करायचा कुणाला अधिकार नव्हता. गटातल्या तिघींची खरेदी समिती करा. त्यातली एक शेरडं पारखणारी, एक हिशेबाची, एक भांडणारी. भांडणारी बाई विसरू नका. खरेदी झाली की संध्याकाळी वस्तीवर सगळ्यांसमोर हिशेब वाचायचा, ज्यांची शेरडं नाहीत त्यांच्याही समोर. कोऱ्या कागदावर अंगठा नाही, जनावर बघितल्याशिवाय अंगठा नाही.

हे जमणार नाही असं कुणाला वाटत असेल तर त्यानं येरळेकाठी जाऊन यावं. आपल्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्षाच्या चळवळीत बळीराजा स्मृती धरण उभं केलं. नदीची वाळू ठेकेदारानं नेण्याऐवजी गावानं विकायची आणि त्यातून बांधकामाला पैसा उभा करायचा, हे त्यांनी भांडून घेतलं. पाणी प्रत्येक कुटुंबाला सारखं, भूमिहीनालाही वाटा, हे आधी ठरवलं. दगड-सिमेंट त्यानंतर. आधी वाटा, मग वस्तू. आपल्यालाही तोच क्रम धरायचा आहे.

आता जमिनीचं. काही ठिकाणी सांगतात की शेरडं मिळतायत ना, मग गायरानाचा अर्ज कशाला ताणताय. साफ सांगा, शेरडू हे जमिनीच्या बदल्यात नाही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या सरकारी निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची शेतीसाठीची अतिक्रमणं कायम करायची आहेत. आपला दावा त्या निर्णयावर उभा आहे आणि त्याला त्या तारखेच्या आधीचा पुरावा लागतो.

आणि इथं जुनी खरेदी कामाला येते. ज्यांच्या नावावर १९९० च्या आधी आयआरडीपीचं कर्ज झालं, त्यांच्याकडं बँकेचं पासबुक असेल, कर्जाचा कागद असेल, मेलेल्या शेरडाचा पंचनामा असेल. त्यावर वस्तीचं नाव आहे आणि तारीख आहे. त्या एका कागदानं जमीन मिळत नाही. पण दंडाची पावती, पीकपाहणी, रेशनकार्ड यांच्या जोडीला तो ठेवला तर आपण तेव्हा इथंच होतो हे सरकारच्याच शिक्क्यानं सिद्ध होतं. कर्जाच्या लाजेनं तो कागद चुलीत घालू नका. पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि संघटनेला नक्कल द्या.

एक अडचण राहते. आपला तालुका आदिवासी उपयोजनेच्या बाहेर, म्हणून आपलं आदिवासी प्रकल्प कार्यालय पुण्याच्याही पलीकडं, घोडेगावला. एका सहीसाठी दोन दिवस आणि दोन रोज बुडतात. तेव्हा एकेकट्यानं जायचं नाही. सगळ्या वस्त्यांचे कागद गोळा करून दोघांनी जायचं, भाडं सगळ्यांनी वाटून घ्यायचं, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच आणायची.

तर ठरलं ते असं. पुढच्या बैठकीला प्रत्येक वस्तीनं तीन कागद आणायचे. एक, आपली शेरडं कुठं चरतात त्या रानाचे गट नंबर. दोन, गटानं स्वतः केलेली खरेदीची यादी, वैरण आणि लस धरून. तीन, १९९० च्या आधीचा जो मिळेल तो कागद. ज्या वस्तीत लिहिणारं कुणी नाही तिथं आमची पोरं येतील. यादी मात्र वस्तीनंच सांगायची, पोरांनी फक्त लिहायची.

शेरडं घेऊ, पण रान सोडणार नाही. कर्ज घेऊ, पण हिशेब आपला.

जिंदाबाद.